दोन ओळींचा फोन

माझा फोन एवढा बारका आहे की तो सापडेना झाला की मी आधी कणकेच्या परातीत हात घालून बघते. एकदा खरंच तिथं निघाला होता. स्वस्तातला, तळहातात मावणारा, कमरेच्या बटव्यात बसणारा. बटव्यात बसतो म्हणूनच घेतला. पुढं चष्म्याचा नंबर वाढला, तशी त्यातली अक्षरं मी सगळ्यात मोठी करून ठेवली. आता पडद्यावर एका वेळी दोनच ओळी दिसतात. तिसरी वाचायची तर वरच्या दोघींना ढकलून द्यावं लागतं. निरोप लांबलचक असला की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात काय होती ते माझ्या ध्यानात राहत नाही.

माझ्या मोठ्या नणंदेनं, म्हणजे ताईंनी, तो पहिल्यांदा बघितला तेव्हा दोन बोटांत उचलून नाकाशी धरला.

"वहिनी, ह्यो फोन हाय का लॉजमधली साबणाची वडी? वास घेऊन बघितला बरं का."

सगळे हसले. मीही हसले. थोरली नणंद म्हणजे पाया पडायची जागा, तिथं उलट बोलायची सोय नाही. अशा वेळी मी हसते आणि ते मनात लोणच्यासारखं मुरवत ठेवते.

साबणाची वडी मी एखादवेळी माफही केली असती. नावांचं मात्र मुरतच गेलं.

आमच्याकडं उखाण्याला बाया नुसतं 'नाव' म्हणतात. नाव घ्या म्हटलं की नवऱ्याचं नाव गुंफून दोन ओळी म्हणायच्या. हौस असेल तर दहा-बारा ओळींचं लांब नाव. मला ना गाणं येतं, ना रांगोळी. माझ्या पुरणपोळीबद्दल घरातले लोक आदरानं गप्प बसतात. पण भाकरी थापता थापता नाव मला सुचतं, आणि चांगलं सुचतं. माझ्या मालकीची जगात तेवढीच एक गोष्ट. ताई परभणीहून फोन करायच्या, "वहिनी, नवं काही सुचलं का?" मी ताडकळसहून, तीन-तीन अक्षरांवर एकदम पडणाऱ्या माझ्या अंगठ्यानं, जीव खाऊन टाईप करून पाठवायची. ताई पाठ करायच्या, मोठ्या फोनपुढं ठसक्यात म्हणायच्या, आणि व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांत फिरायचा. कुणी रचलं, ते त्यात कधी नसायचं.

तेही चाललं. मग गेल्या संक्रांतीला शेजारच्या हळदीकुंकवात मी माझंच एक नाव घेतलं, आणि एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, हे तर तुमच्या नणंदंचं हाय! आमी व्हिडिओत बघितलंय. दुसऱ्याचं कशाला घेता, आपलं एखादं जोडायचं की साधंसुधं."

वाणातला तिळगूळ मी तसाच बटव्यात कोंबला, फोनशेजारी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शब्दच तर हायत. एवढं काय ताणायलीस?" शेजाऱ्यानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर सरकवला तेव्हा हेच गृहस्थ चार दिवस नीट जेवले नव्हते. मी ताट वाढलं, आणि भाजीत मीठ घालायला मुद्दाम विसरले. पण ह्यांच्यावरचा सूड म्हणजे नुसती तालीम. खरा पुढं होता.

ताईंच्या लेकीचं डोहाळजेवण ठरलं. परभणीला, ताईंच्याच घरी. लेकीची सासू, म्हणजे ताईंच्या विहीणबाई, पालमहून चार बाया घेऊन येणार होत्या. ताईंचा आठवडाआधीच फोन. "वहिनी, लांब नाव पायजे. विहिणीनं तोंडात बोट घातलं पायजे."

"घालतील ताई," मी म्हटलं.

मी रचलं. पण पाठवलं नाही. ताईंनी विचारलं की म्हणायची, "टाईप करायलेय. साबणाची वडी हाय ना, बोट घसरतं." रोज थोडा वेळ ताईंचा निरोप उघडून एक अक्षर लिहायची आणि पुसायची, म्हणजे तिकडं 'टाईप करत आहे' असं दिसत राहावं. एवढी चिकाटी शाळेत दाखवली असती तर आज मी कलेक्टरीण असते.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंचा फोन गोल दिव्याच्या स्टँडवर चढलेला होता, ताईंचंच चित्रण करायला. म्हणजे वाचायला त्यांच्या हातात काही नाही. मी बटव्यातून माझा फोन काढून दिला. "ह्यातच हाय ताई. रेंज न्हवती, गेलंच न्हाई."

ताईंनी पहिल्या दोन ओळी बघितल्या. "लय भारी हाय," म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पुढं ढकलून बघायला त्यांना सवड नव्हती आणि माझ्यावर शंका घ्यायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"परभणीहून पालमला एसटी निघाली भरून,
लेकीची ओटी भरते मी हिरवी साडी धरून."

टाळ्या. ताईंनी अंगठ्यानं वर ढकललं.

"गोदाकाठचा ऊस गोड, चुलीवरची भाकर,
लेकीच्या सासूबाईंच्या तोंडातच साखर."

विहीणबाई पदर सावरून लाजल्या. ताई फुलल्या. पुन्हा अंगठा फिरला.

"चुलीपाशी बसून वहिनी रचते नाव..."

आणि ताई थांबल्या. खालची ओळ त्यांना दिसली होती. 'व्हिडिओत मी मिरवते, फसतो सारा गाव.' त्याच्याही खाली, अजून न दिसलेली, मी सगळ्यात जीव ओतलेली शेवटची जोडी होती: 'रावांचं नाव घेते, आज खरं बोलते बाई, आजवर घेतलेलं एकही नाव माझं न्हाई.'

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी झोपाळ्याच्या फुलांकडं बघू लागले. खोटं कशाला सांगू, आतून मला उकळ्या फुटत होत्या.

"थांबल्या का विहीणबाई? फोन बंद पडला का?" लेकीच्या सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी माझा फोन खाली केला, मान वर केली आणि न अडखळता म्हणाल्या,

"चुलीपाशी बसून वहिनी रचते नाव,
तोंड माझं चालतं म्हणून मला मिळतो भाव!"

आणि रावांचं नाव घेऊन मोकळ्या झाल्या. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पालमच्या विहीणबाईंनी मला हाताला धरून पुढं ओढलं, "म्हंजे रचणाऱ्या तुमी व्हय!" सगळ्यांच्या देखत झालं, जे मला हवं होतं ते. पण टाळ्या ताईंनाच जास्त पडल्या, आणि त्या ओळीला पडायलाच हव्या होत्या. माझ्या ओळीपेक्षा ती सरस होती. आठवडाभर भाकरी करपवून मला जे साधलं नाही, ते त्या बाईनं उभ्या उभ्या केलं. चोराला एवढी अक्कल असावी हे मला अजिबात आवडलं नाही.

तरी परतीच्या एसटीत माझं मन थोडं निवायला लागलं होतं. तेवढ्यात पाहुण्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. एसटी, ओटी, ऊस, साखर. पुढं थेट टाळ्या. वहिनी, चूल, सगळं कापलेलं. खाली लोकांचे अंगठे आणि "ताई, तुम्हालाच सुचतं बाई असलं!"

ताडकळस येईपर्यंत मी टाईप करत होते. पहिल्या चार ओळी माझ्या. त्याखाली 'चुलीपाशी बसून वहिनी रचते नाव'. आणि त्याखाली ताईंची ओळ, थोडी फिरवून: 'तोंड त्यांचं चालतं म्हणून त्यांना मिळतो भाव.' शेवटी माझं नाव, आडनावासकट. कुणाचे आभार नाहीत. स्टेटसला लावलं, ग्रुपवर टाकलं, आणि हळदीकुंकवातल्या त्या पदरवाल्या बाईला वेगळं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईंचा फोन. आवाज चढलेला.

"वहिनी, ती भावाची ओळ माझी हाय."

"हो का ताई?"

"पालमच्या विहिणीनं इचारलं मला, ती भावाची ओळ बी वहिनींचीच पाठ केलेली व्हती का म्हणून. माझ्याच ओळीवर! लोकांना सांगा, ती माझी हाय म्हणून."

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगेपर्यंत ताईंना फोनवर धरून ठेवलं.

"सांगते ना ताई," मी म्हटलं. "टाईप करायलेय."