नारळाचं पाणी आणि पाच व्होल्ट

न्हावऱ्याला मुलगी बघून आलो त्याला आठवडा उलटला, तरी तिकडून निरोप नव्हता. मुलगी मला फार आवडली होती. इतकी, की एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ऑइल न भरताच मी झाकण लावायला निघालो होतो.

अशात एका सकाळी शिरूरच्या माझ्या गॅरेजसमोर ट्रॅक्टरला दोर बांधून एक गाडी आली. उतरले मुलीचे वडील, म्हणजे मामा. मागच्या सीटवर बाजाराला निघालेली तीच मुलगी. गाडी वाटेतच बंद पडली होती. दौंडच्या मेकॅनिकनं मागच्या महिन्यात नवा सेन्सर बसवूनही गाडीची रड थांबली नव्हती.

"आता तुमचा हात बघू, पाव्हणं," मामा म्हणाले. मला घाम फुटला.

स्कॅनर लावला, तर त्यानं दोन सेन्सरची नावं घेतली. दौंडवाल्यानं त्यातलाच एक बदलला होता. पण दोघं एकदम कसे बिघडतील? मी चावी चालू करून सेन्सरच्या वायरीत मीटर धरला. पाच व्होल्ट यायला हवे होते, जेमतेम दोन येत होते. या गाडीत तीन सेन्सर एकाच लाइनवर असतात. एका नळावर तीन घरं असली आणि एकाची तोटी फुटली, की बाकीची दोन कोरडी राहतात, तसंच हे. पहिला सेन्सर काढला, काही नाही. दुसरा काढला, मीटर ढिम्म. तिसऱ्याचं सॉकेट उपसलं आणि मीटरवर बरोबर पाच. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

तिसऱ्याच्या आत पाणी होतं. चिकट. वर कुंकू आणि खोबऱ्याचा तुकडा. अमावस्या कालच झाली होती.

मामांना विचारलं, तर ते अभिमानानं सांगू लागले. लोक चाकापाशी नारळ फोडतात, चाकाला काय अक्कल? ताकद इंजिनात. म्हणून ते दर अमावस्येला बॉनेट उघडून नारळाचं पाणी थेट इंजिनावर ओतत.

मला देवाधर्माचं वावडं नाही, पण पाणी आणि वायर यांची सोयरीक जुळवणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. पण इथं माझीच सोयरीक अडकली होती. बोललो तर मुलगी जाणार. गप्प बसलो तर पुढच्या अमावस्येला गाडी पुन्हा दारात, आणि वर मेकॅनिक बिनकामाचा. शेवटी रागानंच तोंड उघडलं.

"मामा, नारळ फोडा, पण पाणी चाकालाच घाला. ही गाडी तुमच्या पूजेनंच बंद पडलीय."

मामांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "आप्पा, मी कवापास्नं त्येच सांगतीया."

मामांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. टोपी काढून डोकं खाजवलं.

"घरात चुका काढाया ही एक होतीच," ते म्हणाले, "आता दोन झाली म्हणायची."

मला अर्थ उमगायला जरा वेळ लागला. तोवर मागच्या सीटवरची मान खाली गेली होती.