कुंकू लावलेलं पिल्लू

माझ्या धाकट्या जावेच्या हाताला गुण आहे, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणोत बापडे. तिनं विरजण लावलं की दही सुरीनं कापावं असं लागतं, तिनं खोचलेली गुलाबाची काडी मुळं धरते, आणि कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून अंड्यांवर बसायला लागली, की अंडी मांडायला तिलाच बोलावणं येतं. ती जाते, टोपल्यात भुस्सा पसरते, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून तळाशी कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवते आणि वर एकेक अंडं मांडते. मीही तेच करते. तोच कोळसा, तेच लोखंड. पण तिच्या सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघतात आणि माझी निम्मी नासतात. मी थोरली, या घरात आधी आले, तरी गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा दारात येऊन विचारतात, काकू कुठंय? काकू म्हणजे ती. मी समोर उभी असते.

हेवा वाटतो का? वाटतो. लपवून काय उपयोग, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. निलंग्याच्या बाजारात आम्ही दोघी एकाच ढिगातली वांगी घेतो आणि घरी आल्यावर तिची बिनकिड्याची निघतात, आता बोला.

त्यातून तिची आई अजून हयात आहे. उदगीरहून एसटीनं येते, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बोळक्या तोंडानं हसत. आली की आठ आठ दिवस राहते. दुपारी ओट्यावर लेकीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावते. लेक कोण, तर नातवंडं झालेली बाई! आमच्या दोघींच्या अंगणात कंबरेएवढीच भिंत आहे, त्यामुळं सगळं दिसतं. मग मी भांडी घासायला काढते आणि जरा जास्तच आपटते.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, देगलूरकडं. आई गेल्या वर्षी गेली. जमीन भावांकडं राहिली, भांडीकुंडी वहिन्यांनी वाटून घेतली, आणि माझ्याकडं राहिली एक कोंबडी. ती आईनं शेवटच्या भेटीत स्वतःच्या हातानं टोपलीत घालून, वर जुनं लुगडं बांधून दिली होती. हिला बसायची लई हौस हाय, हिची पिल्लं जगत्यात, असं म्हणाली. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं तिकीट काढा. मी म्हणाले, तिला कुठं सीट दिलीय तुम्ही, माझ्या मांडीवर तर बसलीय. उदगीर येईपर्यंत आमची हुज्जत चालली आणि कोंबडी टोपलीतून मान काढून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

आई गेल्यावर यंदा ती कोंबडी खुडूक झाली. शेजारणी म्हणाल्या, धाकटीला बोलवा. मी म्हटलं, का, माझे हात काय मोडलेत? मीच अंडी मांडली. कोंबडी अशी चिकटून बसली की दाणे खायलासुद्धा उठेना. पिल्लं निघायला आठवडाभर उरला असेल, तेव्हा मी देवळात गेले आणि मागं कुत्रं शिरलं. परत येऊन बघते तर अंगणभर पिसं, टोपलं उपडं, अंडी फुटलेली. आईकडून आलेली एकच जिवंत वस्तू माझ्याकडं होती आणि तीही गेली.

भुस्सा गोळा करताना हाताला एक अंडं लागलं. भिंतीच्या कडेला घरंगळून गेलं होतं, अजून कोमट होतं. मोबाइलच्या बॅटरीवर धरून पाहिलं तर आत तांबड्या शिरा दिसल्या आणि त्यांच्यामध्ये काहीतरी हललं.

भिंतीपलीकडून जाऊ बघत होती. तिचीही कोंबडी त्याच सुमाराला बसलेली. तिनं हात पुढं केला.

"अक्का, द्या ते हिकडं. माझ्या कोंबडीखाली सरकवते."

शहाणपणाचं बोलणं होतं, मला का कळत नव्हतं? पण मी म्हटलं, नको. माझ्या आईच्या कोंबडीचं शेवटचं अंडं, आणि त्यातून हिच्या अंगणात पिल्लू निघालं की गल्ली काय म्हणणार? धाकटीच्या हाताला गुण आहे. मेले तरी ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग आमचे हे मेडिकलवाल्याकडून थर्माकोलचा डबा घेऊन आले. त्याला भोक पाडून बल्ब सोडला, आत पाण्याची वाटी ठेवली. मी दिवसातून कितीदातरी अंडं हळूच फिरवायचे, कोंबडी चोचीनं फिरवते तसं. आमच्याकडं लाइटीचा काय भरवसा! ती गेली की मी अंडं कापसात गुंडाळून पोटाशी धरून बसायचे. ह्यांनी चहा मागितला तर म्हणायचे, तुम्हीच टाका, मी बसलेय. हे म्हणायचे, बस बाई बस, फक्त उठल्यावर कुकुचकू करत गल्लीभर फिरू नकोस.

एका सकाळी अंड्यातूनच बारीक आवाज आला. मग टवका उडाला, आणि पुढं कितीतरी वेळ काहीच नाही. कवच सोलून काढायला माझी बोटं शिवशिवत होती. पण आई म्हणायची, सोलू नये, रक्त जातं, ज्याचं त्यानं बाहेर यावं. मी हात मांडीखाली दाबून बसले. दुपार कलताना ते आलं एकदाचं बाहेर. ओलं, मरतुकडं, बघवत नव्हतं. पण वाळल्यावर असं गोजिरं दिसायला लागलं, पाठीवर तपकिरी पट्टे, थेट आईच्या कोंबड्यांसारखं. मी लातूरला लेकीला फोन लावला. घरात रेंज होती, तरी अंगणात भिंतीजवळ उभं राहून बोलले, आणि मोठ्यानं बोलले.

जाऊ भिंतीवरून हसून म्हणाली, बरं झालं अक्का. मनापासून म्हणाली, तेच तर मला सोसत नाही.

पिल्लू माझ्या मागं मागं फिरायचं. मी चुलीपाशी गेले की चुलीपाशी, मोरीपाशी गेले की मोरीपाशी. मी दिसेनाशी झाले की जीव तोडून ओरडायचं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. पण ते खाईना. मी बोटानं टकटक करून कण्या दाखवायचे, ते एखादी उचलायचं आणि टाकायचं. म्हणून मी त्याच्या डब्यात माझा कुंकवाचा आरसा उभा केला. आरशातलं पिल्लू बघून ते गप्प झालं, त्याला अंग लावून झोपलं. मी एवढी जिवाची उस्तवारी केली आणि त्याला झोप लागली ती काचेपाशी! मला त्या आरशाचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंख खाली सोडले, डोळे मिटून उभं राहायला लागलं. आरसा काही चोच मारून खायला शिकवत नाही आणि ऊबही देत नाही. तोवर भिंतीपलीकडं जावेच्या कोंबडीची सगळीच्या सगळी पिल्लं निघाली होती. हे इतके दिवस थट्टा करत होते, त्या दिवशी मात्र सरळ बोलले.

"एकटं पिल्लू जगत न्हाई. तुझ्या हट्टापायी मरंल ते."

हे असं बोलले की मी एरवी चार शब्द परत देते. त्या दिवशी पिल्लू तळहातावर कलंडलेलं बघून मी भिंतीपाशी गेले आणि जावेला म्हटलं, तुझ्या कोंबडीखाली घे याला.

कोंबडीला परकं पिल्लू द्यायचं तर दिवेलागणीलाच द्यावं लागतं. उजेडात ती ओळखते आणि टोचून हाकलते. अंधार पडताना पोटाखाली सरकवलं तर सकाळी आपलंच समजून घेऊन फिरते. मी दिवे लागायची वाट बघत बसले आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, की उद्या सकाळी माझं कोणतं आणि तिचं कोणतं, हे कळणार कसं? तिचीही पिल्लं तपकिरी पट्ट्यांचीच. आमच्या गल्लीत पिल्लं चुकू नयेत म्हणून रंग लावायची रीत आहे, कुणी नीळ लावतं, कुणी हळद. जाऊ दरवेळी नीळ लावते. तिचा रंग मी कशाला लावू? मी कुंकू घेतलं, तेलात कालवलं आणि पिल्लाच्या डोक्यामागं चांगलं ठसठशीत माखलं. गल्लीच्या टोकावरून दिसलं पाहिजे, हे पिल्लू थोरलीचं आहे.

जाऊ म्हणाली, तुमच्याच हातानं ठेवा अक्का. अंधारात तिला रंग दिसला नाही. मी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. आत केवढी ऊब होती, आणि किती जीव एकमेकांना बिलगून होते! पिल्लू सोडलं. कोंबडीनं घशातल्या घशात कुर्र केलं, पंख जरा उचलला आणि मिटला. आमच्या पिल्लानं एकदासुद्धा च्यांव केलं नाही. एवढे दिवस माझ्या नावानं आकांत करणारं पिल्लू! मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, भाजी खारट झालीय तर झालीय, मुकाट्यानं खा.

सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा जाऊ भिंतीपाशी उभी होती. पदरात काहीतरी धरलं होतं.

"अक्का, हे कुंकू कुणी लावलं?"

पदर उघडला तर माझं पिल्लू. डोक्यामागचं कातडं निघालेलं, मान रक्तानं भरलेली. कोंबडीनं घेतलं होतं त्याला, पण उजेड झाल्यावर बाकीच्या पिल्लांना ते लाल दिसलं आणि सगळी तुटून पडली. एकानं टोचलं म्हणून दुसऱ्यानं. लाल दिसलं की कोंबडीची जात टोचते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण कुंकू मला कुंकूच दिसलं, रक्त दिसलं नाही.

मी लावलं, म्हणाले. माझं ओळखू यावं म्हणून.

वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. कोमट पाण्यात फडकं भिजवून तिनं कुंकू पुसलं, जखमेवर तेलात कालवलेली हळद लावली. मी पिल्लू धरून बसले होते. मग ती उठली आणि वाटीभर हळद कालवून स्वतःच्या एकेका पिल्लाला धरून प्रत्येकाच्या डोक्यामागं लावत गेली. सगळी सारखी पिवळी. कुणाला कुणी वेगळं दिसेना. माझं पिल्लू त्यांच्यात सोडलं तर एकानंही चोच उगारली नाही. कोंबडीनं साद घातली आणि सगळी पिवळी डोकी तिच्या मागं पळाली.

हे हिला सुचतं कसं? तुम्हाला वाटेल मला गहिवर आला असेल. आधी आला तो संताप, की हे मला का नाही सुचलं. गहिवर मागाहून आला, तोही थोडा.

हळद उडाली, पिल्लं मोठी होत गेली. माझं मात्र लांबूनही ओळखू यायचं, कारण डोक्यामागं टोचलेल्या जागी पिसं आलीच नाहीत. तिथं गुलाबी चट्टा राहिला. खायला सगळ्यांत पुढं, अंगानं भरलेलं, आणि कोंबडा नव्हे, तलंग, म्हणजे अंड्यावर येणारी कोंबडी होणार असं दिसत होतं. म्हणजे आईच्या कोंबडीचा वंश राहणार होता. मी ते घरी न्यायला गेले त्या आठवड्यात जावेची आई आली होती. ओट्यावर बसून जावेच्या नातीच्या फ्रॉकला बटण लावत होती आणि जाऊ तिच्या मांडीला टेकून लसूण सोलत होती. मला बघून जाऊ उठली.

"न्या अक्का, तुमचंच हाय ते."

मी नवं खुराडं करून ठेवलं होतं, दाराला जाळीसुद्धा लावली होती. कण्या टाकल्या, माझं पिल्लू जवळ आलं, मी वाकून दोन्ही हात पुढं केले. तेवढ्यात कोंबडी पिसं फुलवून अंगावर आली आणि माझ्या मनगटावर असा टोचा हाणला की रक्त आलं. पिल्लू माझ्या हातातून निसटलं आणि पळत जाऊन तिच्या पोटाखाली शिरलं. आता ते तिथं मावत नव्हतं. अर्धं बाहेरच राहिलं, तरी डोकं आत खुपसून उभं होतं.

जाऊ धावत आली. म्हणाली, थांबा, मी हिला डालग्याखाली झाकते, मग तुम्ही पिल्लू उचला. मी मनगट पदरानं दाबून तिथंच उभी राहिले. ओट्यावरची म्हातारी विचारत होती, लई लागलं का गं बाई. माझं लक्ष त्या पिल्लाकडं होतं. आयुष्यभर मी या जावेवर जळत आले, पण त्या घडीला मला हेवा वाटला तो त्या चट्टेवाल्या पिल्लाचा. भ्यायलं, आणि पळालं. पळून जायला त्याला जागा होती.

जावेनं डालगं उचललं होतं. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं," मी म्हणाले. "आई हाय तवर राहू दे तिच्यापाशी."