डबा फोन, डोंबिवली पूर्व

टेम्पोत कपाट चढलं, मिक्सर चढला, शेगडी जुन्या साडीत गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवली, तेव्हा दादा खाली आला. हातात त्याचा मोठा फोन होता, महागातला, दोन वर्षं वापरलेला. म्हणाला, "हा घेऊन जा. मी नवीन घेतोय. कुठे असतेस ते तरी कळेल आम्हाला." मी फोन त्याच्या शर्टाच्या खिशात परत ठेवला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. वरून आईने हात केला. वहिनी शेजारणीला म्हणाली, दोन महिन्यांत परत येते की नाही बघा. किसननगरची चाळ मी एकोणपन्नासाव्या वर्षी सोडली ती अशी.

ठाण्याहून डोंबिवलीला जाण्याला स्थलांतर म्हणतात का, असं मेलबर्नच्या मावसबहिणीने ग्रुपवर विचारलं आणि पुढे हसणारे चेहरे टाकले. म्हणतात. विमानात बसल्यावरच घर सुटतं असं नाही. तू नवऱ्याबरोबर गेलीस, तुला सोडायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. मी एकटी निघाले आणि ते कोणालाच पटलेलं नव्हतं. लांब कोण गेलं ते तूच ठरव.

आता फोनचं. आमच्या घरात फोन कपड्यांसारखे उतरतात. दादाचा जुना वहिनीला, वहिनीचा पुतणीला, पुतणीने आपटून झाला की मला आणि माझ्यानंतर आईला. आतलं खातं मात्र दादाचंच राहायचं. घरच्या घरात काय बदलायचं, असं सगळ्यांना वाटे. मलाही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही तिथली शिस्त माझ्या अंगात भिनलेली आहे. म्हणून कोणाला न सांगता डोंबिवलीचं वन रूम किचन बघायला गेले, तेव्हा हॉल, ओटा, नळ, संडास, भिंतीवरची ओल, सगळ्याचे फोटो काढले. त्याच संध्याकाळी दादाने जेवताना नव्या टीव्हीवर त्याच्या खात्यातले घरचे फोटो लावले होते. पुतणीचा वाढदिवस, महाबळेश्वर, आणि मग पडद्याभर एक अनोळखी संडास. मग ओटा. मग खिडकीच्या काचेत मी, फोन डोळ्यांसमोर धरलेली. वहिनीने घास हातात धरूनच विचारलं, हे कोणाचं घर?

"माझं," मी म्हणाले. तोपर्यंत टोकनसुद्धा दिलं नव्हतं. पण एकदा बोलून गेले आणि मग ते खरं करणं भाग होतं.

दादा ओरडला नाही. लपवलंस का, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आईने तिचं ठरलेलं वाक्य काढलं, जे मी लहानपणापासून ऐकत आले: "आपल्या घरात कोणी कोणापासून काही लपवत नाही." खरंच आहे. आमच्या चाळीत दिवसा दार लोटलं तरी शेजारी विचारायला यायचे, कोण आजारी आहे का. त्या उघड्या दारांच्या आठवणीने गहिवरणारे पुष्कळ आहेत. त्यांनी कधी त्या दाराआड, कपाटाच्या झडपेचा आडोसा करून, कपडे बदललेले नाहीत.

डोंबिवलीला आल्यावर पहिल्याच रविवारी फोन घ्यायला गेले. दुकानदार कॅमेऱ्याचे आकडे ऐकवत होता. मी त्याला म्हटलं, आधी बाहेर उन्हात चला. पडद्यावरचं वाचता येत नाही म्हणून दोन फोन फुटपाथवरच बाद झाले. तिसऱ्यावरून रिक्षा स्टँडच्या गोंगाटात कंपनीतल्या मैत्रिणीला फोन लावला. तिला माझं आणि मला तिचं नीट ऐकू आलं. तो घेतला. सगळ्यात आधी त्यात माझ्या नावाचं खातं उघडलं. मग मुद्दाम नको ते फोटो काढले: उष्टं ताट, न आवरलेली गादी, दोरीवरचे परकर. ते कुठेही झळकले नाहीत.

वापरून झालेलं मत विचाराल तर असं आहे. बॅटरी दिवसभर पुरते, लाईट गेली आणि टॉर्च लावून स्वयंपाक केला त्या दिवशीही पुरली. कणकेचा अंगठा ओळखत नाही, आकडे दाबावे लागतात. अंधारातले फोटो गढूळ येतात. दोन ॲप एकदम उघडली की विचारात पडतो. सोबत आलेले गेम आणि जाहिराती काढण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली, ही खरी कटकट. पण भाजीवाल्याला पैसे पटकन जातात, मराठी लिहिताना अक्षरं गाळत नाही, आवाज स्वच्छ आहे. रोजच्या वापराला पुरेसा. आमच्याकडे 'पुरेसा' म्हणजे कमीच समजतात. मी नाही समजत. खोलीसुद्धा पुरेशीच आहे.

दोन महिने उलटले आणि मी परत गेले नाही, म्हणून सगळे जेवायला आले. दादाने नळ सोडून बघितला, खिडकीची जाळी हलवली आणि मग फोन उचलला.

"काय गं मंगे, हा काय डबा घेतलास? चार महिन्यांत हँग मारायला लागेल."

"मारू दे."

"लॉक काय आहे? बघू तरी, आत काय काय भरून दिलंय."

"नाही सांगणार."

"मी काय चोर आहे?"

"चोर एकदाच येतो रे. तू रोज बघशील."

आधी वहिनी हसली. दादाने फोन पालथा ठेवला. दादा वाईट नाही. बेसिनखालचा गळका पाईप त्याच दुपारी त्यानेच बसवून दिला, घाम पुसत, माझ्याकडे न बघता. त्याची माया खरी आहे. पण मायेलासुद्धा दार वाजवून यायला काय हरकत आहे?

मी भांडी घासत होते तेव्हा आई ओट्याशी येऊन उभी राहिली. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मंगल, मला पण असाच एक बघ. मावशीने मला पाठवलेला फोटो तुझ्या भावाने माझ्याआधी बघितलेला असतो."

तिचंच वाक्य मी तिला ऐकवलं नाही.

पुढच्या रविवारी ती एकटी आली, रिक्षाने, पिशवीत सुकट घेऊन. आम्ही त्याच दुकानात गेलो. उन्हात पडदा बघायचा हे तिने दुकानदाराला माझ्याआधी सांगितलं. घरी येऊन मी तिला खातं उघडून दिलं. लॉक लावायची वेळ आली तेव्हा तिने फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "तू तिकडे बघ."

मी खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या बाल्कनीत कोणीतरी चादर झटकत होतं. मागे आईने आकडे दाबले, चुकली, पुटपुटली, परत दाबले. "हं, झालं," असं ती म्हणेपर्यंत मी वळले नाही.

किसननगरला राहिलेल्यांनो, तिला तो नंबर विचारू नका. मलाही माहीत नाही, आणि माझ्या घरात तो तिला कोणी विचारत नाही.