खिडकीच्या गजाला टांगलेली फळी

अमरावतीला नोकरी लागली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कचेरीतल्या एका बाईंनी खोली दाखवली आणि सांगितलं, एक मुलगी आधीच राहते, तिला सोबत हवी आहे. ती मुलगी अकोल्याची होती. तिवस्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, रोज एसटीनं जाऊन यायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "ताई-बिई म्हणू नको वं मले. म्हातारं झाल्यासारखं वाटते."

एक खोली आणि तिला लागून एवढंसं स्वयंपाकघर. दोघी एकदम वळलो तर कोपराला कोपर लागायचं. ओट्याच्या अर्ध्या भागावर शेगडी, मग भांडी घासायचं बेसिन, आणि उरलेल्या जागेत जेमतेम एक परात मावायची. त्यात भाजी चिरायच्या फळ्या तीन. दोन माझ्या, प्लास्टिकच्या, एक पांढरी आणि एक हिरवी. तिसरी तिची, बाभळीची. तिचे वडील अकोल्याला आरामशीनवर कामाला होते, त्यांनी स्वतः कापून, घासून दिलेली. दोन बोटं जाड आणि एका हातानं उचलू नये इतकी जड.

या तीन फळ्यांनी आम्हाला पहिले दोन महिने हैराण केलं. नळामागे ठेवल्या तर घसरून बेसिनमध्ये पडायच्या. डब्यांवर आडव्या ठेवल्या तर डाळीचा डबा काढायला आधी फळ्या काढायच्या आणि मग त्या हातात धरून उभं राहायचं. एकदा बाभळीची फळी माझ्या पायावर पडली. अंगठा आठवडाभर निळा होता. ती रोज एसटीतून उतरली की विचारायची, "काय म्हणते अंगठा?"

मग एका रविवारी ती बाजारातून स्टीलचं ताटाळं घेऊन आली. आमच्याकडे ताटं चारच होती, म्हणून मी हसले. तिनं ते शेगडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सरकवलं. मोजून आणलेलं होतं. त्यात एका बाजूला चार ताटं उभी केली आणि दुसऱ्या बाजूला तिन्ही फळ्या.

"लाकूड उभंच ठेवा लागते," ती म्हणाली. "झोपवून ठेवलं का खालून ओलं राह्यते. बाबा सांगतात."

त्या दिवसापासून ओटा मोकळा झाला. फळ्या कुणाच्या हे आम्ही विसरून गेलो. जी हाताला येईल ती घ्यायची. ती मेथी निवडायची, मी कांदा चिरायची. रविवारी ती मटण करायची, मीही खायची. आमच्या घरी, अकोटजवळच्या गावात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटण शिजायचंच. तेव्हा खाण्यापिण्यावरून आमच्यात वेगळं असं काही नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे कारण सांगितलं ते खोटं होतं.

दीड वर्ष असं गेलं. मग आईच्या डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पूर्ण पिकलेला. अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि मार्चच्या शेवटी भाऊ तिला घेऊन आला. मैत्रिणीनं स्वतःच सुचवलं, "आपल्याकडंच ठेव त्यायले. माही सकाळची शाळा सुरू झाली, मी एक वाजता घरी येते. तू ऑफिसात असली तरी मी राहीन."

आई आली त्या दिवशी मैत्रिणीनं पोहे केले. आईनं पोटभर खाल्ले, चहा घेतला, पोरीचं कौतुक केलं. भाऊ गावी परतला, मैत्रीण खाली दूध आणायला गेली, तेव्हा आईनं हळू आवाजात विचारलं, "आडनाव काय हाय वं तिचं?"

मी सांगितलं. आम्ही शेतकरी घरातले, ती बौद्ध. आमच्याकडे आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. आई थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"भाजी चिरायची फळी एकच हाय का तुमची?"

"तीन आहेत. एक तिची."

"मंग तिची तेवढी येगळी ठेवजो, बाई."

"आई, असं काय वं?"

"म्या काही म्हनलं का? पोरगी चांगली हाय. फकत फळी येगळी ठेवजो."

नुकत्याच खाल्लेल्या पोह्यांतला कांदा कोणत्या फळीवर चिरला होता, हे मला माहीत होतं. मी ते बोलले नाही. आईला वाईट वाटेल, ऑपरेशनच्या तोंडावर कशाला, असं मनाशी म्हटलं.

ऑपरेशन झालं. पिकलेल्या डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्यानं इतकं अंधुक दिसायचं की आईला माणूस आवाजावरूनच ओळखू यायचं. स्वयंपाकघरात तर तिला जायचंच नव्हतं, डॉक्टरांनी चुलीजवळ, शेगडीजवळ जायला मनाई केली होती. म्हणजे फळी कुठे आहे हे तिला दिसणारच नव्हतं. मी काही केलं नसतं तरी चाललं असतं.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी, मैत्रीण शाळेत गेल्यावर, मी बाभळीची फळी ताटाळ्यातून काढली. तिला वरच्या बाजूला भोक होतं. त्यातून सुतळी ओवली आणि मागच्या खिडकीच्या बाहेर, गजाला टांगली. मग माझ्या दोन फळ्यांच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका लावला. हे मला आईनं सांगितलं नव्हतं. ही माझी हुशारी.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती हातात बटाटे घेऊन ओट्याशी उभी होती. आई आत झोपलेली.

"माही फळी बाहीर काहून टांगली वं?"

"अगं, आईची औषधं, डबे, जागाच नाही राहिली. अन् त्या फळीचा मटणाचा वास येते तिले."

तिनं ताटाळ्याकडे पाहिलं. तिथं बरोबर एका फळीची जागा रिकामी होती. मग तिनं हिरवी फळी उचलली, पाहिली, परत ठेवली.

"अन् हे ठिपके?"

"असंच. कोणती कोणाची कळावं म्हणून."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. खिडकीतून हात घालून तिनं आपली फळी काढली, बटाटे मागच्या गॅलरीत खाली बसून चिरले, फळी धुतली आणि परत गजाला लावली. त्या दिवसापासून तिचा तोच क्रम झाला. मी एकदा म्हटलं, "अगं घे ना इकडची." तिनं ऐकू न आल्यासारखं केलं, आणि मलाही ते ऐकू न आलेलंच बरं वाटलं.

पण दुपारचे थेंब ती चुकली नाही. एक वाजता तिवस्याकडून उन्हातून यायची, चप्पल काढायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची आणि आईच्या उशाशी बसायची. आईच मला संध्याकाळी सांगायची, "तिच्या हातचे थेंब झोंबत नाईत. तू धसमुसळी हायेस." शेवटी शेवटी आई तिच्या पावलांचा आवाज ओळखायला लागली होती. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बसायची. एक दिवस मी अर्धी रजा घेऊन लवकर आले, तर मैत्रीण आईला कलिंगडाच्या बिया काढून फोडी भरवत होती, आणि आई लहान मुलासारखी तोंड उघडत होती. कलिंगड चिरलेलं होतं ताटात. फळी बाहेर उन्हात होती.

मी दारातच थांबले. तेव्हा काही बोलायला हवं होतं. मी पाय धुवायला न्हाणीत गेले.

एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन लाकडाला सोसत नाही. पंधरा दिवसांत फळीला वरून खाली चीर गेली. मी ती पाहिली. तिनं तर रोजच पाहिली असणार.

आई मेच्या सुरुवातीला गावी गेली. जाताना तिनं मैत्रिणीच्या हातात साडीचं पाकीट ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला. आई गेली त्याच संध्याकाळी मी नेलपॉलिशचे ठिपके पुसले, बाभळीची फळी आत आणली, पुसून ताटाळ्यात उभी केली. मला वाटलं, झालं. सकाळी पाहते तर फळी पुन्हा गजाला.

"अगं, आत ठेवली होती ना मी," मी म्हटलं.

ती वेणी घालत होती. "राहू दे. तेथीच बरी हाय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडण झालं असतं आणि भांडणात मी माफी मागितली असती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे माफी मागायला भांडण कशाला लागतं?

शाळा सुरू व्हायच्या आधी तिनं तिवस्यालाच खोली पाहिली. "रोजचं जाणं-येणं आता होत नाई," म्हणाली. कारण पटण्यासारखं होतं, आणि मी ते लगेच पटवून घेतलं. सामान न्यायला तिचे वडील अकोल्याहून आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. खोकी खाली नेताना फळी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"उनात ठेवली होती का वं, बाई?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते.

"हो बाबा," ती म्हणाली. "माह्याच हातून राहून गेली."

"बरं. तेल लावून पाहू," ते म्हणाले आणि फळी पेपरात गुंडाळली. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, चांगला झाला म्हणाले. ताटाळं ती माझ्यासाठी ठेवून गेली.

त्यानंतर माझं लग्न झालं, अमरावतीतच संसार थाटला. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि आईला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसायला लागलं. एकदा ती माझ्याकडे आली असताना आपणहून म्हणाली, "ते थेंब टाकनारी पोरगी कुठी हाय वं आता? लय चांगली होती. बोलाव ना तिले एकदा."

माझा तोल गेला. "कोणत्या तोंडानं बोलावू? तूच म्हणाली होतीस ना, तिची फळी वेगळी ठेव."

आईला आठवत नव्हतं. मग म्हणाली, "म्या म्हनलं असन. म्या जुनी बाई. पन मले तं तवा दिसतही नव्हतं, बाई. तू कायले ठेवली?"

इतकी वर्षं मी सगळं आईच्या नावावर टाकून ठेवलं होतं. सोयीचं होतं ते. आईनं एका वाक्यात ते परत माझ्याकडे सरकवलं, आणि तेही मला दुखवायच्या इराद्यानं नव्हे, खरोखर न समजून.

मागच्या वर्षी कचेरीच्या कामानं अकोल्याला जाणं झालं. तिची बदली आता अकोल्यातच झाली आहे, एवढं कळलं होतं. पत्ता मिळवला आणि फोन करून गेले. तिनं दार उघडलं. केसांत पांढरं आलेलं, चष्मा लागलेला. "ये," म्हणाली. पाणी दिलं, चहा केला, आईची चौकशी केली. "डोळे कसे आहेत त्यांचे?" माझ्याशी ती आता शाळेतली भाषा बोलत होती. वडील तीन वर्षांपूर्वी गेल्याचं तिनं सांगितलं. मुलगी शिकवणीला गेली होती.

मी घरून वाक्यं ठरवून आले होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "ती फळी मी बाहेर टांगली होती. वासाचं खोटं सांगितलं होतं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "ठिपके पाहिले तेव्हाच."

"आई म्हणाली होती, पण…"

"आईचं मला काही वाटलं नाही. मोठ्या माणसांचं ऐकलेलं आहे मी पुष्कळ." मग ती एकदम जुन्या बोलीत आली. "तू मले सरळ सांगतलं असतं ना, का आई अशी म्हणते, काय करू, तं मी हासली असती वं. दोघी मिळून काही तरी केलं असतं. तू मलेच येडं समजली."

मी माफी मागितली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं पाळलं.

तिनं कप उचलले. "बरं," ती म्हणाली. "पण आता मी काय करू याचं?"

ती चिडून बोलली नाही. खरंच विचारत होती. ती जेवून जा म्हणाली, मी थांबले नाही, आणि तिनंही दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

तिचे यजमान तेवढ्यात आले होते. त्यांनी मला स्कूटरवर बसस्टँडला सोडलं. मोकळे, बोलके गृहस्थ. वाटेत त्यांनी तिच्या अमरावतीच्या दिवसांच्या किती तरी गोष्टी सांगितल्या. घरमालकाचा तुटका जिना, तिवस्याची गच्च भरलेली एसटी, एकदा शाळेत निघालेला साप. सगळ्या मला माहीत असलेल्या. स्टँडसमोर स्कूटर थांबवून त्यांनी विचारलं, "अन् तुमची ओळख कुठली, ताई? एकाच शाळेत होत्या का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही एका खोलीत राहायचो. दीड वर्षाच्या वर."

"असं का?" ते म्हणाले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "बोलली नाही कधी."

अमरावतीची गाडी लागलेलीच होती. मी त्यांना नमस्कार केला आणि चढले.