रेडिओची खिडकी उघडली तेव्हा

बोळिंजच्या, फुलपाड्याच्या, वालीवच्या फ्लॅटवाल्यांनो आणि भाडेकरूंनो, तुमचं नि माझं दुखणं एकच आहे. सकाळी रेडिओ लावावा तर तो वांद्र्याचा सिग्नल सांगतो, अंधेरीचा पूल सांगतो, आणि मग एक उत्साही मुलगा विचारतो, "कशी आहेस, मुंबई?" मुंबईचं ठीक आहे हो. आमचा पाण्याचा टँकर आज येणार का, ते कोण सांगणार? एवढी माणसं इथे राहतात आणि तुमचं काय म्हणणं आहे, असं त्यांना कुणी विचारत नाही. सोसायटीच्या सभेत या विषयावर मी इतक्यांदा बोलले आहे, की आता मी उभी राहिले की लोक चहाचे कप शोधू लागतात.

अशात दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर निघाला. गॅलरीच्या ग्रीलला टेकवून काटा फिरवत होते, आणि खरखरीतून एका बाईचा आवाज आला: "पापलेट कुठं गेला ते नंतर बोलू. आधी सांगा, गटाराचं झाकन कोनी नेलं?"

मी काटा तिथेच सोडला. हाच तो प्रश्न! आयुष्यभर रेडिओने मला विचारावा असं वाटत होतं, तो प्रश्न!

ते अर्नाळ्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्याचं, एका संस्थेने चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र होतं. कार्यक्रमाचं नाव 'ओटा'. दर गुरुवारी दिवेलागणीला हिरामावशी नावाची मासेविक्रेती बाई गावाच्या एका प्रश्नावर बोलायची. मी दर गुरुवारी ऐकू लागले. ग्रीलपासून वीतभर हललं तरी आवाज जायचा, म्हणून भाजी निवडायलासुद्धा तिथेच बसायचे. मग एका गुरुवारी मावशी म्हणाली, "पुढच्या गुरुवारी संस्थेचं साहेब येनार. ऐकनाऱ्यांचं फोन येत नाय म्हनतात. ओटा बंद करून गानी लावायची म्हनतात."

गाणी? गाण्यांचा दुष्काळ पडलाय का या देशात? मी तिथल्या तिथे केंद्राला फोन लावला आणि सांगितलं, मी येते, मला बोलायचं आहे.

जायची इच्छा असणाऱ्यांसाठी मार्ग सांगते. बोळिंजहून आगाशीपर्यंत शेअर रिक्षा, पुढे एस.टी. जाऊन-येऊन खर्च दोन माणसांच्या वडापाव-चहाइतका. स्वतःची गाडी नेऊ नका. का ते पुढे कळेल. आगाशीला थांबून सुकेळी घ्या. उन्हात वाळवलेली ही केळी मधासारखी लागतात आणि डब्यात पुष्कळ दिवस टिकतात, असं म्हणतात. माझी कधीच टिकली नाहीत. आगाशी सोडली की इमारती मागे पडतात, दोन्ही बाजूंनी केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या लागतात, आणि एका वळणावर खारा वारा थेट तोंडावर येतो. पंधरा वर्षं मी या वळणापासून रिक्षाच्या अंतरावर राहते आणि सुट्टीला अलिबागला जाते. काय म्हणावं याला?

गावात उतरलं की आधी वास भेटतो. बांबूच्या लांबच लांब रांगांवर, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. हिरामावशी तिथेच होती. कमरेला पदर खोचलेला, डोक्यात अबोली.

"बोलिंजची ताई तूच ना?" ती म्हणाली. "आवाजावरनं वलखलं. या महिन्यात एकच फोन आला, तो पन तुझाच."

"गाववाले का करत नाहीत?"

"सांगून दमले गं. म्हनतात, हिरे, तू समोर बसलेली, तुला फोन कशाला?"

"मग ते ऐकतात हे तुला कसं कळतं?"

"सकाली बोंबील घालताना शिव्या देतात ना! ऐकल्याबिगर कोन शिव्या देईल?" ती हसली, पण हसू टिकलं नाही. "साहेबाला सांगितलं. तो म्हनतो, मावशी, शिव्यांचा पुरावा कसा दाखवायचा?"

दुपारी तिने घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. जेवताना मी विचारलं, हा कार्यक्रम तुला एवढा का लागतो? तिने घास खाली ठेवला. "बाजारात मी भाव बोलते. घरात सैपाकाचं बोलते. तिथं मी बोलते."

मी जन्मभर व्यासपीठं गाजवली आहेत. बोलण्याच्या हक्काची इतकी छोटी आणि इतकी पुरी व्याख्या मला कधी जमली नाही.

केंद्र म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या इमारतीतली तळमजल्यावरची एक खोली. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. यंत्रं सांभाळणारा नेल्सन चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेटही वाजवतो. गल्लीकडे एक मोठी खिडकी, तिला जाड काच; आत दिवा लागला की तिच्यात आपलेच चेहरे दिसायचे. "ही काच अलीकडची," नेल्सन म्हणाला. "आधी खिडकी उघडी असायची. कोंबड्या, भांडणं, सगळं प्रक्षेपणात जायचं. संस्थेने काच बसवून दिली आणि फोनची लाइन घेतली. आवाज एकदम स्वच्छ झाला बघा."

संस्थेचे सचिव राऊत सर वेळेवर आले. सज्जन गृहस्थ. कोपऱ्यातल्या खुर्चीत, फोनकडे तोंड करून बसले.

आजचा विषय होता रविवारच्या गाड्या. समुद्र बघायला येणारे लोक बोंबील वाळवायच्या जागेवर गाड्या लावतात, बांबू मोडतात, त्याचं काय करायचं? मावशीने विषय मांडला आणि माइक माझ्याकडे सरकवला. मी बोलले. कसं बोलले! ज्या गावाला स्वतःचा आवाज नसतो त्या गावाचा नकाशा दुसरेच लोक काढतात, असं म्हणाले. इतिहास काढला, हक्क काढले, टेबलावर मूठ आपटली. नेल्सनने घाईघाईने आवाजाचं बटण खाली ओढलं. शेवटी म्हणाले, "उठा, आणि आत्ता फोन करा!"

फोन गप्प. मावशी फोनकडे बघत होती, राऊत सर सभ्यपणे पंख्याकडे बघत होते. मावशीने पुन्हा विनंती केली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. काही नाही.

तेवढ्यात लाइट गेली. आपल्याकडे जाते तशीच, न सांगता. यंत्रं बॅटरीवर चालू राहिली, पण पंखा थांबला आणि गोधड्यांच्या त्या खोलीत भट्टी पेटली. राऊत सरांनी रुमाल काढला. नेल्सनने उठून काच सरकवली.

आणि आख्खी गल्ली आत आली.

"गाडीचं बोल म्हनावं, नकाशाचं ऱ्हाऊ दे!"

"ए हिरे, इचार तिला, माझ्या बोंबलांवर गाडी घातली ती तिच्याच बिल्डिंगवाल्यांची ना?"

"मी मगाधरनं सांगतंय, दोरी बांधा दोरी! माझं कोन ऐकतंय?"

ओट्याओट्यावर माणसं बसली होती. कुणाच्या मांडीवर रेडिओ, कुणाच्या हातात मोबाइल, जाळं विणणारे, लसूण सोलणारे. सगळे त्या बंद काचेला उत्तरं देत होते. काच बसल्यापासून दर गुरुवारी देत होते!

राऊत सर खिडकीशी गेले. "अहो, तुम्ही फोन का करत नाही?"

समोरची लसूण सोलणारी पार्वतीवहिनी म्हणाली, "साहेब, तुमी घरात बायकोला फोन करून जेवन मागता काय?"

"हल्ली तेच करतो," राऊत सर म्हणाले, आणि ते सगळं प्रक्षेपणात गेलं. गल्ली फुटली हसून.

मग मलाही उत्तरं द्यावी लागली. गाडी आमच्याच बाजूच्या बिल्डिंगची असू शकते, हे मी खिडकीत उभी राहून कबूल केलं. दोरीचं ठरलं. कोण बांधणार यावर भांडणही झालं. शेवटी राऊत सर म्हणाले, "नेल्सन, एक माइक खिडकीबाहेर लावा. गुरुवारी काच उघडी राहील. ओटा चालू राहू दे."

हिरामावशीने कानावरचा हेडफोन काढला, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मग एक डोळा उघडून म्हणाली, "बाय, तू बोलली झ्याक. पन लाइट गेली म्हनून वाचलो." माझ्या खांद्यांवरचं ओझंही तेव्हाच उतरलं. भाषणाने काही झालं नाही याचं मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

परतीची एस.टी. आरामात मिळाली. मांडीवर सुक्या बोंबलांचा पुडा होता. शेजारच्या माणसाने जागा बदलली, मी पाय पसरले.

पुढच्या गुरुवारी ग्रीलपाशी बसले. खरखर, मग कोंबडा, मग पार्वतीवहिनींचा आवाज, मग मावशी: "एकेक जन बोला रे!" सोबत राहिलं ते एवढंच. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून मी इतकी वर्षं ओरडत होते, आणि ऐकणारी खिडकी आगाशीच्या पुढच्या वळणावर होती.

निघताना मावशीला विचारलं होतं, आमच्या टँकरचं तिथे बोललं तर चालेल का? ती म्हणाली, "खिडकी काय रेशनकार्ड बघते?"

तेव्हा आता सभेत चहाचे कप शोधू नका. या गुरुवारी, दिवेलागणीच्या आत, एस.टी.ने त्या कोळीवाड्यात या, खिडकीबाहेरच्या माइकसमोर उभे राहा आणि आपल्या टँकरचं गाऱ्हाणं स्वतःच्या तोंडाने सांगा.