दोन्ही हात जोडणारा ब्रेक

विहिरीवर टँकरचा नंबर लावून बसलं की किस्से साचतातच. पाणी भरायला तास जातो, तवर तोंडाला दुसरं काम काय!

लातूर जिल्हा नवीनच झाला होता, आन पाऊस गायब. मी ट्रॅक्टरमागं पाण्याची ट्रॉली लावून वाडीवर न्यायचो. वाटेत मोठा उतार. तिथं माझा मेहुणा निवृत्ती ट्रॉलीवर बसून ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढायचा.

एकदा ऐन उतारावर मारुतीचं देऊळ आलं. निवृत्तीनं दांडा सोडून हात जोडले! ट्रॉलीनं ट्रॅक्टर ढकलत नेला, खाली बाभळीत.

"देव दिसल्यावर हात जोडू न्हाई का, दाजी?"

"एका हातानं जोड की रे!"

हे गावभर झालं.

*

मग जीपवाल्या सोपाननं नवी ट्रॉली आणली. जीप हळू केली की मागची ट्रॉली पुढं रेटते, जोडाची दांडी आत सरकते, ब्रेक आपोआप लागतो. माणूस नको, काही नको! बाया कौतुकानं बघत राहिल्या. त्यांच्यात माझी बायकोबी.

"अवो, तुमच्याला असलं का न्हाई?"

त्या दिवशी मला भाकर गोड लागली न्हाई.

*

निवृत्तीला घेऊन उदगीरला मिस्त्रीकडं गेलो. "मलाबी तसलाच ब्रेक बसवा."

"तात्या, ते जीपमागच्या हलक्या ट्रॉलीला. तुमची लई जड, त्याला झेपणार न्हाई. तुम्हाला दांड्यावर माणूसच बरा."

"माणूस हात जोडतोय हो!"

मिस्त्री हसला. समजूत काढायला म्हणून त्या ब्रेकची खोडबी दाखवली. रिव्हर्स घेताना दांडीत खीळ घालावी लागते, न्हाईतर मागं जातानाबी ब्रेक लागतो.

*

आठ दिवसांनी वाडीच्या हौदाशी सोपान जीप रिव्हर्स घ्यायला लागला. चाक हलंना! जीपचा नुसता धूर. बाया घागरी घेऊन उन्हात उभ्या, पुढंच माझी बायको.

"तात्या, बिघडलं का काय हो?" सोपाननं विचारलं.

"आपल्याला काय कळतंय बाबा जीपमधलं," म्हणलं, आन निवांत बिडी पेटवली. लई दिवसांनी बिडीला चव आली.

तेवढ्यात आमच्या ट्रॉलीवरून निवृत्ती ओरडला, "दाजी, मिस्त्रीनं दाखवली ती खीळ घालायची ना?"

सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. बायकोनं घागर खाली ठेवली. मी बिडी टाकली, उतारावरच्या मारुतीकडं तोंड केलं आन दोन्ही हात जोडले.

सोपान म्हणला, "एका हातानं जोडा, तात्या. दुसऱ्यानं खीळ घाला!"