गुड मॉर्निंग दत्तू

दत्तू देवरे दमला होता, आणि हे दमणं काही आजकालचं नव्हतं. अंबडच्या स्प्रिंगच्या कारखान्यात चौऱ्याण्णव साली पहिला कॉम्प्युटर आला. त्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून स्टोअरमधल्या दत्तूला त्याच्यापुढे बसवलं. स्प्रिंगची मापं काढायचा प्रोग्राम बसवून देणाऱ्या निसारने जाताना गंमत म्हणून एक ओळ घातली. मशीन सुरू झालं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग दत्तू’ यायचं, आणि एंटर दाबल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. पुढे कारखान्यात तो सगळ्यांचा देवरेकाका झाला. दत्तू म्हणणारं ते एक मशीनच उरलं.

दोन हजार सहामध्ये ते मशीनही धापा टाकू लागलं. मोठे शेठ गेल्यावर धाकटे शेठ पुण्याहून येऊन कारभार बघत होते. ते म्हणाले, “काका, इम्युलेटर टाकला की जुनं सगळं नव्या कॉम्प्युटरवर तसंच चालतं म्हणे. बसवून टाका. चाललं की इथं एखादी शिकलेली मुलगी बसवू. तुम्ही पॅकिंगला जा.”

म्हणजे ज्या खुर्चीवर बसलोय तिचेच पाय कापायचे, तेही वेळेत.

घरी त्याची बायको मीना म्हणाली, “नाही चालत म्हणून सांगा ना. कोणाला कळतंय?”

दत्तूने खरंच विचार केला. पण खोटं एकदा बोललं की रोज निभवावं लागतं. तेवढं बळ आणायचं कुठून? शिवाय एवढ्या वर्षांची मापं त्यात होती. ती बुडाली असती तर त्याला जेवण गेलं नसतं.

नव्या मशीनच्या पोटात जुन्याचं सोंग उभं करताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. कधी कीबोर्ड मुका, कधी प्रिंटर रुसलेला. अखेर सगळं चाललं, तेव्हा त्याला आनंदही झाला नाही. डोळे तेवढे चुरचुरत होते.

सकाळी धाकटे शेठ आले. त्या खुर्चीत बसले, आयकॉनवर क्लिक केलं. पडद्यावर काळी चौकट उघडली, पांढरी अक्षरं उमटली आणि थांबली. शेठनी ती वाचली.

“काका, हा दत्तू कोण?”

दत्तू त्यांच्या खांद्याशीच उभा होता. त्याला फार वाईट वाटलं. त्याने हात पुढे करून एंटर दाबलं.

“होता इथं एक,” तो म्हणाला. “हं, माप टाका.”